मुकें कर्ज

आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या दारीं आठवड्यांतून दोन-चार वेळां तरी तपकिरी खोकें घेऊन माणूस येतो. घरांतील कोणीतरी तें हातांत घेतें, आंत नेऊन ठेवतें, आणि तें कोणाचें, कशाचें, कितीचें हें विचारण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. पूर्वीं घरांत एक नवें लुगडें आलें तरी त्याचा पोत, भाव आणि दुकानदाराचा खरेपणा यांची चर्चा दोन दिवस चाले. आजीपासून धाकट्या पोरापर्यंत प्रत्येकाचें त्यावर कांहीं मत असे. हल्लीं वस्तु घरांत येतात, पण घराला त्या कळत नाहींत. या न कळण्यांतूनच आपल्या तरुण मुलांमुलींवर जें संकट येत आहे, त्याचा विचार करण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

हा विषय निघाला कीं वडीलधारी मंडळी एकच निदान करून मोकळीं होतात : नवी पिढी उधळी आहे. आम्हांस हें निदान पटत नाहीं. आम्हीं पस्तीस वर्षें शाळेंत मुलें शिकविलीं. गोट्या, पतंग, शाईचें पेन, हातांतलें घड्याळ, सायकल अशा प्रत्येक वस्तूसाठीं मुलांचे जीव कसे कासावीस होत, हें आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. हाव तेव्हांहि होती आणि ती आजच्याहून तसूभरहि कमी नव्हती. परंतु हाव आणि हात यांमध्यें तेव्हां पुष्कळ अंतर होतें. तें अंतर आतां उरलें नाहीं, आणि तें कोणीं व कसें मिटविलें हें समजून घेतल्यावांचून मुलांना दोष देणें अन्यायाचें होईल.

आपल्या परंपरेंत ऋण हा शब्द हलका नाहीं. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण घेऊनच मनुष्य जन्मास येतो, ही कल्पना वेदकाळापासून चालत आली आहे. ऋण नेहमीं कोणाचें तरी असतें, आणि ज्याचें असतें त्याचा चेहरा ऋणकोच्या डोळ्यांपुढें असतो. व्यवहारांतील कर्जाचेंहि तसेंच होतें. कर्ज काढावयाचें म्हणजे कोणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसावें लागे, कारण सांगावें लागे, जामीन शोधावा लागे, आणि खतावर साक्षी घालाव्या लागत. यांत अपमान होता आणि पिळवणूकहि होती. त्या सावकारीचे पोवाडे गाण्याची आमची मुळींच इच्छा नाहीं. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर चाल केली, आणि तेथून पसरलेल्या दंग्यांत लोकांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यानें न्यायाधीशांस रोख्याच्या मागें जाऊन देवघेवीचा सर्व इतिहास तपासण्यास लाविलें. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करूं नये, हा धर्मशास्त्रांतून आलेला दामदुपटीचा नियमहि मुंबई इलाख्यांतील न्यायालयें हिंदूंच्या व्यवहारांत मानीत आलीं.

हा इतिहास येथें सांगण्याचें कारण इतकेंच कीं, जुन्या कर्जांत जाच असला तरी तें उघडें होतें. भावकीला तें ठाऊक असे, बायकोला ठाऊक असे, शेजाऱ्यालाहि ठाऊक असे. कर्जाची लाज वाटे ती तें काढण्यापूर्वीं, आणि त्या लाजेपोटीं कित्येक कर्जें काढलींच जात नसत. आतां लाज वाटते ती कर्ज काढून झाल्यावर. आमच्या मतें जुन्या आणि नव्या कर्जांतील खरा फरक हाच आहे.

नवी घडी कशी बसली तें पाहूं. बेंगळुरूची फ्लिपकार्ट कंपनी २००७ सालीं निघाली, ॲमेझॉन कंपनीनें २०१३ सालीं भारतांत दुकान थाटलें, आणि ६ ऑक्टोबर २०१४ रोजीं फ्लिपकार्टनें आपल्या पहिल्या 'बिग बिलियन डे'चा बाजार भरविला. तेव्हांपासून दसरा-दिवाळीच्या आधीं मोबाइलमधल्या जत्रा भरूं लागल्या. २०१६ सालीं यूपीआय आलें आणि पैसे देणें हें बोट टेकविण्याइतकें सोपें झालें. त्याची सोय आम्हांसहि पटते. भाजीवाल्याकडे सुट्यांसाठीं होणारी रोजची कुरकुर त्यानें संपविली. परंतु पाकिटांतील नोट मोडतांना हाताला जी चुटपुट लागे, तीहि त्यासरशी संपली. क्रेडिट कार्डांची देशांतील संख्या २०२४ च्या आरंभीं दहा कोटींच्या वर गेली. ज्यांना कार्ड मिळत नाहीं, अशा नुकत्याच नोकरीस लागलेल्या किंवा अद्यापि शिकत असलेल्या मुलांसाठीं 'आतां घ्या, नंतर द्या' अशा योजना आल्या आणि पांच-दहा मिनिटांत कर्ज देणारीं ॲपें आलीं. दुकान, पेढी, सावकार आणि टपालवाला असे चौघे एकाच कांचेच्या तुकड्यांत येऊन बसले, आणि तो तुकडा रात्रीं उशाशीं असतो.

पूर्वीं एखादी वस्तु मनांत भरल्यापासून घरीं येईपर्यंत बऱ्याच पायऱ्या असत : पैसे सांठविणें, घरांत विषय काढणें, पेठेंत जाणें, दोन दुकानें हिंडणें, घासाघीस करणें, नोटा मोजणें. प्रत्येक पायरीवर 'खरेंच हवें आहे काय?' हा प्रश्न उभा राही, आणि निम्म्या इच्छा वाटेंतच गळून पडत. मनुष्याला शहाणपण बहुधा विलंबानेंच सुचतें. हा विलंब व्यापाऱ्याला नको असतो. घाई लावण्याच्या युक्त्या इतक्या वाढल्या कीं, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं अशा तेरा फसव्या प्रकारांची यादी नियमांत घालून त्यांना बंदी करावी लागली. 'दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई करणें, न मागितलेली वस्तु टोपलींत घालणें, नको म्हणणाराला टोमणा मारणें, किंमत शेवटच्या पायरीपर्यंत थोडी थोडी वाढवीत नेणें, हे सर्व त्या यादींत आहेत. ज्या बाजारांत अशा युक्त्यांस बंदी घालण्याची वेळ सरकारवर आली, त्या बाजारांत बावीस वर्षांचा मुलगा फसला तर त्यांत नवल काय?

खरेदी करणारा प्रत्येक जण व्यसनी असतो असें मात्र कोणी समजूं नये. दिवाळीस दोन सदरे जास्त घेतले म्हणजे रोग झाला, असें नाहीं. परंतु खरेदीची अनावर ओढ ही गोष्ट वैद्यकास नवी नाहीं. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यानें विसाव्या शतकाच्या आरंभींच तिचें वर्णन 'ओनिओमेनिया' या नांवानें केलें आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनें २०१३ सालीं काढलेल्या आपल्या निदानग्रंथांत तिला स्वतंत्र विकाराचें स्थान दिलें नाहीं, आणि तिला कोणत्या सदरांत घालावें यावर विद्वानांचा वाद आहे. तथापि तिचें चक्र सर्वांस परिचित आहे : मन उदास होतें, खरेदीनें क्षणभर हलकें वाटतें, मग पश्चात्ताप होतो, तो लपविण्यासाठीं खोटें बोलावें लागतें, आणि त्या खोट्यानें मन पुन्हां उदास होतें. ज्या खरेदींत लपविणें आलें, ती खरेदी चैनीच्या पलीकडे गेली असें खुशाल समजावें.

आतां थोडें गणित करूं. शिक्षकाचा पिंड गणितावांचून स्वस्थ बसत नाहीं, आणि या विषयांत उपदेशापेक्षां त्याचाच उपयोग अधिक आहे. समजा, क्रेडिट कार्डावर ५०,००० रुपये थकले. व्याज दरमहा साडेतीन टक्के, आणि त्या व्याजावर १८ टक्के वस्तु व सेवा कर. पहिल्या महिन्याचें व्याज १,७५० रुपये आणि कर ३१५ रुपये, मिळून २,०६५ रुपये झाले. कार्डवाला कळवितो कीं, थकबाकीच्या पांच टक्के म्हणजे २,५०० रुपये 'किमान रक्कम' भरली तरी चालेल. मुलगा ती भरतो आणि आपण कर्ज फेडीत आहों या समाधानांत राहतो. मुद्दल मात्र केवळ ४३५ रुपयांनीं उतरलेलें असतें. याच रीतीनें, नवी एक पैचीहि खरेदी न करतां, त्यानें वर्षभर किमान रक्कम भरली तर वर्षअखेर त्याच्या खिशांतून सुमारे २८,६०० रुपये गेलेले असतील आणि थकबाकी सुमारे ४५,००० रुपये उरलेली असेल. हें गणित घरांतील दहावीच्या मुलाकडून एकदां कागदावर करवून घ्यावें. तें ज्यानें स्वतःच्या हातानें केलें, त्याला 'किमान रक्कम' या शब्दांचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाहीं.

'बिनव्याजी हप्ता' या शब्दाचेंहि असेंच आहे. शून्य टक्के व्याज ही वस्तुच अस्तित्वांत नाहीं, असें रिझर्व्ह बँकेनें सप्टेंबर २०१३ मध्यें बँकांस स्पष्ट बजाविलें होतें. मग नांव बदललें. हल्लींच्या 'नो कॉस्ट' हप्त्यांत व्याजाइतकी सूट दुकानदार किंमतींत दाखवितो आणि बँक आपलें व्याज घेतेच. त्यावरील कर, आणि कित्येकदां प्रक्रियाशुल्कहि, ग्राहकाच्या माथीं येतें. रोख घेणाराला जी सूट मिळाली असती तीहि पुष्कळदां हातची जाते. आतां ॲपवाल्या छोट्या कर्जाचा मासला पाहा. समजा, ५,००० रुपये मंजूर झाले, शुल्क म्हणून १,००० रुपये आधींच कापून ४,००० हातीं आले, आणि पंधरा दिवसांनीं ५,००० फेडावयाचे आहेत. चार हजारांवर पंधरा दिवसांचे एक हजार म्हणजे २५ टक्के झाले. वर्षाचा दर काढला तर तो सहाशे टक्क्यांच्या वर जातो. ज्या सावकारांच्या नांवानें आपण दीडशे वर्षें बोटें मोडीत आलों, त्यांनाहि या दरानें घेरी आली असती.

येथें कायद्याच्या दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. राज्यांचे सावकारीविषयक कायदे रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील वित्तसंस्थांस लागू होत नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं दिला. कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणें अनुचित आहे, असें राष्ट्रीय ग्राहक आयोगानें २००८ सालीं ठरविलें होतें. तो निर्णयहि सर्वोच्च न्यायालयानें २० डिसेंबर २०२४ रोजीं रद्द केला. तेव्हां दामदुपटीसारखें कांहीं कुंपण आपल्याला वांचवील, या भरंवशावर कोणी राहूं नये.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं घडलेली गोष्ट सांगतों. घर पुण्याचें, तीन पिढ्या एकत्र नांदणारें. मुलगा पंचवीस वर्षांचा, संगणकाच्या नोकरींत, पगार ४२,००० रुपये. एके दिवशीं वसुली करणाराचा फोन बापाच्या मोबाइलवर आला, तेव्हां घराला प्रथम कळलें कीं, मुलाच्या अंगावर सहा ठिकाणचें मिळून ३,६०,००० रुपयांचें कर्ज आहे. दोन कार्डें, तीन ॲपें आणि एक फोनचा हप्ता. एका कर्जाचा हप्ता भरण्यासाठीं दुसरें काढलेलें होतें. त्याच्या पलंगाखालीं बुटांचे, घड्याळांचे आणि कानाला लावावयाच्या यंत्रांचे खोके निघाले. त्यांतले कित्येक उघडलेलेहि नव्हते.

बाप संतापला, काका गप्प बसले, आई रडूं लागली. हिशेब जुळवावयाला म्हणून आम्हांस बोलावणें आलें. आम्हीं मुलाला बाजूला घेऊन विचारलें, "अरे, खोके उघडलेसुद्धां नाहींस, मग मागविलेस कशाला?" तो बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, वस्तु नको असते. कांहींतरी येणार आहे, हें हवें असतें." रात्रीं अकरानंतर, दिवसभर वरिष्ठांचीं बोलणीं खाऊन आल्यावर, अंधारांत त्याची खरेदी चाले. अकरा माणसांच्या घरांत त्याला 'आज कसा गेला रे दिवस?' असें विचारणारा दुकानदाराचा फोनच तेवढा होता. हें ऐकून आम्ही पुष्कळ वेळ विचार करीत बसलों.

त्या घरीं मार्ग काढला तो मुलाच्या आजींनीं. त्यांचें शिक्षण सातवीपर्यंतचें. पण घरखर्चाची वही त्यांनीं लग्नापासून आजतागायत लिहिली आहे. त्या म्हणाल्या, "बाळा, आकडा सांग. सांगितल्यानें आकडा वाढत नाहीं रे, लपविल्यानें वाढतो." आणि वहीचें नवें पान काढून त्यांनीं सहाही कर्जें एकाखालीं एक लिहवून घेतलीं : मुद्दल, दर, हप्ता, मुदत. मग ज्याचा दर सर्वांत जास्त तें आधीं, या क्रमानें फेडण्याचें ठरलें. काकांनीं आपली ठेव मोडून रक्कम दिली, पण ठेवीचें जें व्याज बुडालें तें मुलानें द्यावें असा कागद करून दिली. कार्डें बंद झालीं. मुलगा दरमहा १५,००० रुपये आजीच्या हातीं देई आणि त्या तें पानावर लिहीत. दोन वर्षें आणि वर थोडे महिने, इतका काळ त्याला लागला. त्या काळांत घरांत कोणीं त्याला टोमणा मारावयाचा नाहीं, हा नियमहि आजींनींच घातला होता, आणि आमच्या मतें सर्वांत कठीण तोच होता.

प्रत्येक घरीं शेवट असा होत नाहीं. २०२० च्या अखेरीस तेलंगणांत कर्जाच्या ॲपवाल्यांच्या छळामुळें कांहीं तरुणांनीं आत्महत्या केल्या. हैदराबादेस पोलिसांनीं धाडी घातल्या, तेव्हां कर्जदाराच्या फोनमधून नातेवाइकांचे व मित्रांचे क्रमांक काढून घेऊन त्यांच्यापुढें त्याची विटंबना करण्याची रीत उजेडांत आली. जानेवारी २०२१ मध्यें रिझर्व्ह बँकेनें या प्रश्नावर कार्यगट नेमला आणि सप्टेंबर २०२२ मध्यें नियम काढले. त्या मुलांना कर्जाच्या रकमेनें मारलें असें आम्हांस वाटत नाहीं. कित्येकांची रक्कम घरच्यांनीं मिळून सहज फेडली असती. त्यांना मारलें तें 'घरीं कळेल' या भीतीनें. ॲपवाल्याचें खरें तारण म्हणजे ही भीतीच होय. घरीं आधींच कळलेलें असेल, तर त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं.

म्हणून घरांनीं काय करावें तें आतां सांगतों.

पहिली गोष्ट, कायदा माहीत करून घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणें कर्ज देणारानें सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखविणारें मुख्य तथ्यपत्रक आधीं दिलें पाहिजे, फोनमधील क्रमांकांस व छायाचित्रांस त्यानें हात लावतां कामा नये, आणि ठरलेल्या अल्प मुदतींत मुद्दल व तितक्या दिवसांचा खर्च देऊन दंडावांचून कर्ज परत करण्याची मुभा ठेविली पाहिजे. सकाळीं आठच्या आधीं व संध्याकाळीं सातनंतर वसुलीचा फोन करूं नये, असेंहि रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२२ मध्यें बजाविलें आहे. कर्ज देणारी संस्था नियम पाळीत नसेल तर तिच्याकडे लेखी तक्रार करावी, आणि दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावें. ॲपच बनावट असेल किंवा धमक्या येत असतील तर १९३० या क्रमांकावर सायबर पोलिसांस कळवावें. कार्ड बंद करण्याची मागणी केल्यावर, थकबाकी नसेल तर, सात कामकाजाच्या दिवसांत तें बंद करणें २०२२ पासून बँकेवर बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट, वसुली करणारा बापाला फोन करून 'तुम्ही भरा' म्हणूं लागला तर घाबरून जाऊं नये. पुत्रानें काढलेलें ऋण कुटुंबासाठीं नसेल तर पित्यानें देण्याचें कारण नाहीं, असें याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितलें आहे, आणि आजचा कायदाहि सज्ञान मुलाचें कर्ज जामीन नसलेल्या बापावर घालीत नाहीं. घरानें मदत करावी ती मायेनें आणि हिशेबानें, धमकीला भिऊन नव्हे. सर्व कर्ज एकदम व गुपचूप फेडून टाकणें हेंहि बरें नाहीं. तसें केल्यानें मुलाला गणित कळत नाहीं आणि वर्षभरांत तीच वाट पुन्हां धरली जाते.

तिसरी गोष्ट वडिलांच्या पिढीसाठीं आहे. मुलाच्या पांच हजारांच्या बुटांवर बोलणारें घर लग्नकार्यांत लाखोंचें कर्ज काढून पंगती उठवितें, हें मुलें पाहत असतात. महिन्यांतून एक दिवस ठरवून सर्वांनीं आपापलीं देणीं एकमेकांपुढें मांडावीं, आणि आरंभ वडिलांनीं करावा. घराचा हप्ता किती राहिला, गाडीचा किती, सोसायटीचें कर्ज कशासाठीं काढलें, हें थोरांनीं सांगितलें म्हणजे धाकट्यांची जीभहि सैल होते. सूनबाई व लेकी यांचीं देणीं-घेणींहि त्यांत मोकळेपणानें यावीं; दटावून विचारलेलें मात्र कोणीच खरें सांगत नाहीं. आणि मुलगा किंवा मुलगी रात्र-रात्र जागत असेल, खोके लपवीत असेल, खरेदी थांबवावी म्हटलें तरी थांबत नसेल, तर तो केवळ पैशाचा प्रश्न न मानतां मनोविकारतज्ज्ञाकडे जावें. सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठींतहि बोलतां येतें. ताप आला म्हणजे वैद्याकडे जाण्यांत जशी लाज नाहीं, तशी यांतहि नाहीं.

जुन्या खतावर साक्षीदाराची सही असे. ती सावकाराच्या सोयीसाठीं घेतलेली असली, तरी तिच्यामुळें निदान एका माणसाला कर्जदाराची अवस्था ठाऊक होई. नव्या कर्जाच्या कागदावर साक्षीदाराला जागाच नाहीं. मुलाचा अंगठा आणि कंपनीचें यंत्र यांच्यामध्यें तिसरें कोणी नसतें, आणि मूल तेथें अगदीं एकटें असतें. एकत्र कुटुंब अद्यापि टिकवून धरणाऱ्या आमच्या वाचकांजवळ त्यावर तोडगा आहे, कारण त्यांच्या घरीं माणसें आहेत. आज रात्रीं पानें वाढलीं असतां, कोणत्याहि खोक्याचा विषय न काढतां, त्या मुलाला किंवा मुलीला दिवस कसा गेला तेवढें विचारावें आणि उत्तर येईपर्यंत थांबावें. आकडा निघावयाचा असेल तर तो त्यानंतर आपोआप निघेल.